आधी झाडं, मग मासे : कोल्हापुरात पहिला प्लांटेड टँक लावताना

पहिल्यांदा फिश टँक घेणारा माणूस दुकानात शिरला की त्याचं लक्ष माशांकडेच जातं. मग काचेची टाकी, रंगीत खडे, प्लॅस्टिकचं झाड आणि दहा-बारा मासे, सगळं एकाच दिवशी घरी येतं. आठ-पंधरा दिवसांत एकेक मासा मरायला लागतो आणि घरात ठरून जातं, ‘आपल्याकडं मासं टिकत न्हाईत.’ टिकतात. टाकीत जिवंत झाडं लावायची, म्हणजेच प्लांटेड टँक करायचा, आणि क्रम तेवढा उलटा लावायचा. आधी माती, मग गच्च झाडं, मग काही आठवडे वाट बघायची आणि सगळ्यात शेवटी मासे.

यामागचं कारण आधी समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. माशांच्या कल्ल्यांतून, विष्ठेतून आणि कुजणाऱ्या खाद्यातून पाण्यात सतत अमोनिया उतरतो, आणि तो माशांना विष आहे. पाणी गरम असेल, पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे त्याचं माप) जास्त असेल तर तो आणखी घातक होतो. जुन्या टाकीत फिल्टरच्या स्पंजवर, खडीवर, पानांवर जिवाणू वस्ती करून असतात. त्यातले काही अमोनियाचं नायट्राइट करतात, काही नायट्राइटचं नायट्रेट. नायट्राइटही विषारीच, नायट्रेट त्या मानानं निरुपद्रवी. ही वस्ती नव्या टाकीत बसायला चार ते सहा आठवडे लागतात. झाडांना मात्र अमोनिया थेट खाता येतो, आणि तो त्यांना आवडतोही. म्हणून पहिल्याच दिवशी तळाचा निदान दोन तृतीयांश भाग झाडांनी भरलेला असेल, तर जिवाणू जमेपर्यंत टाकी झाडं सांभाळतात. चार काड्या लावून ‘वाढतील हळूहळू’ म्हणणाऱ्याच्या टाकीत आधी शेवाळ वाढतं.

टाकी आणि स्टँड

सुरुवातीला दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच टाकी घ्या, काच सहा मिलिमीटरची. यापेक्षा लहान टाकी सोपी वाटते, पण कमी पाण्यात तापमान आणि अमोनिया दोन्ही झपाट्यानं वरखाली होतात. गोल बाऊल तर नकोच. दोन फुटी टाकीत काठोकाठ सत्तर लिटर पाणी मावतं. माती, दगड जाऊन प्रत्यक्षात पंचावन्न-साठ उरतं. काच, खडी, पाणी धरून वजन नव्वद किलोच्या आसपास जातं, त्यामुळं टीव्हीच्या लाकडी कपाटावर ती ठेवू नका. आपल्याकडं उद्यमनगरात चौकोनी पाईपचा स्टँड मापानं वेल्ड करून मिळतो. चारही पायांखाली लेव्हल बोल्ट लावून घ्या, वर जाड प्लायवूड आणि प्लायवर थर्माकोलची पातळ शीट. थर्माकोल का, तर खाली एखादा खडा किंवा वेल्डिंगचा उंचवटा राहिला तर काचेवर एकाच ठिकाणी ताण येतो आणि तळ तडकतो.

जागा खिडकीपासून लांबची निवडा. थेट ऊन पडलं की पाणी हिरवंगार होणार हे धरून चाला. वायरी सॉकेटकडं जाताना मध्ये खाली झुकलेल्या ठेवा, म्हणजे ओघळलेलं पाणी सॉकेटात न जाता तिथंच ठिबकेल. टाकीत हात घालण्याआधी सगळी बटणं बंद.

आपलं पाणी

शहरात नळाला नदीचं आणि २०२३ च्या दिवाळीपासून काळम्मावाडी धरणाच्या थेट पाईपलाईनचं पाणी येतं. बोअरच्या पाण्यापेक्षा हे क्षारांनी कमी असतं, म्हणजे टेट्रा, रासबोरा, कोरी अशा माशांना आणि बहुतेक झाडांना मानवतं. नवीन उपनगरांत, अपार्टमेंटमध्ये नळाचं आणि बोअरचं पाणी एकाच टाकीत मिसळतात, म्हणून आधी चौकशी करा. बादलीला पांढरे डाग पडत असतील, साबणाला फेस येत नसेल, तर क्षार जास्त आहेत. अशा पाण्याशी भांडू नका. त्यात गप्पी, प्लॅटी, मॉली हे मासे आणि व्हॅलिस्नेरियासारखी झाडं मजेत राहतात.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. तो माशांचे कल्ले जाळतो आणि जिवाणूही मारतो. उघड्या बादलीत पाणी चोवीस तास ठेवून हवेचा पंप सोडला की क्लोरीन उडून जातो. घाई असेल तर दुकानात ‘अँटीक्लोरीन’ म्हणून मिळणारं सोडियम थायोसल्फेट पाकिटावरच्या प्रमाणात घाला. पावसाळ्यात गढूळ पाणी आलं तर त्या दिवशी पाणी बदलू नका. आधी बादलीत निवळू द्या. अशा दिवसांत क्लोरीनचा वासही जास्त येतो, तेव्हा अँटीक्लोरीन विसरू नका.

माती : इथं घाई करू नका

तयार ‘अॅक्वा सॉइल’ विकत मिळते आणि चांगली असते, पण महाग पडते. आपल्या जिल्ह्यात राहून तिची गरज नाही असं माझं स्पष्ट मत आहे. पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरी, गगनबावडा या पश्चिमेच्या भागात जांभ्याची तांबडी माती मिळते. तिच्यात लोह भरपूर असतं आणि झाडांना ते हवंच असतं. कुणी पाहुणा त्या बाजूला असेल तर पाच-सहा किलो माती सांगून ठेवा. पडीक जागेतली, खत-औषध न पडलेली हवी.

काळी माती आणू नका. भिजली की फुगते, चिकट होते, आणि झाड उपटताना सगळी टाकी गढूळ करते. उसाच्या रानातली तर नाहीच, तिच्यात रासायनिक खत मुरलेलं असतं. शिरोळकडच्या क्षारपड जमिनीची माती टाकीत घातली तर ते मीठही पाण्यात उतरेल.

तांबडी माती बारीक चाळणीनं चाळून घ्या. मुळं, काड्या, खडे काढा. चार भाग मातीला एक भाग चांगलं कुजलेलं, वास नसलेलं गांडूळ खत पुरे. शेणखत ताजं असेल तर हातही लावू नका, कारण त्यातून सुटणारा अमोनिया झाडांनाही आवरत नाही. हे मिश्रण घमेल्यात पाण्यात बुडवून दोन दिवस ठेवा, वर तरंगणारा कचरा आणि पाणी ओतून टाका, गच्चीवर ताडपत्रीवर पसरून वाळवा. पुन्हा भिजवा, पुन्हा वाळवा. दोन-तीन वेळा असं केलं की सहज विरघळणारी खतं निघून जातात आणि कुजायचं ते बाहेरच कुजून जातं. शेवटच्या खेपेला माती मुठीत दाबली की लाडू वळला पाहिजे, आणि बोट लावल्यावर तो फुटला पाहिजे. वासही पहिल्या पावसासारखा यायला हवा. आंबूस वास असेल तर अजून एक खेप करा.

टाकीत मातीचा थर एक इंचाचाच ठेवा. जास्त जाड थरात आत हवा पोचत नाही आणि सडक्या अंड्याच्या वासाचा वायू साठतो. दोन फुटी टाकीला साधारण साडेचार लिटर माती लागते. कडेनं काचेलगत एक इंच जागा मोकळी सोडलीत तर समोरून मातीचा पट्टा दिसणार नाही. तिच्यावर दीड इंच खडी, दोन-तीन मिलिमीटरची, साधारण दहा किलो. खडी स्वच्छ पाणी निघेपर्यंत धुवा. बांधकामाची क्रश सँड टाळा. तिच्या कडा धारदार असतात आणि तळाला चरणाऱ्या कोरी माशांच्या मिशा झिजतात. खडीवर लिंबू पिळून बघा. फसफसली तर तिच्यात चुना आहे, ती पाण्यातले क्षार वाढवत राहील. संगमरवराचे पांढरे तुकडे म्हणूनच नकोत.

दगडांसाठी लांब जायला नको. आपला काळा दगड पाण्यात काही सोडत नाही. जांभाही चालतो, मात्र टणक बघून घ्या, हातानं भुगा होणारा नको. माशांना लपायला कुंभार गल्लीतून एखादं बिनरंगाचं छोटं मडकं आणून आडवं पुरलं की झालं. लाकूड वापरणार असाल तर ते आठवडाभर पाण्यात बुडवून ठेवा, नाहीतर तरंगतं आणि पाणी चहाच्या रंगाचं करतं. त्या रंगानं माशांना काही होत नाही.

झाडं

नवख्यानं महागडी लाल झाडं आणि गालिच्यासारखं पसरणारं गवत पहिल्या टाकीत लावू नये. त्यांना वेगळा कार्बन डायऑक्साइड आणि कडक प्रकाश लागतो. भराभर वाढणारी, स्वस्त, दांड्याची झाडं हवीत, कारण जो वेगानं वाढतो तोच वेगानं अमोनिया खातो. मागच्या बाजूला व्हॅलिस्नेरिया, हायग्रोफिला, रोटाला रोटुंडिफोलिया, वॉटर विस्टेरिया. यातली बरीचशी मूळ आपल्याच उपखंडातली आहेत. मध्ये क्रिप्टोकोरिन वेन्डटी, ही श्रीलंकेची. दगडा-लाकडावर अॅनुबियास, जावा फर्न, जावा मॉस. वर तरंगायला मूठभर साल्विनिया. दांड्याच्या झाडांच्या आठ-दहा जुड्या दोन फुटी टाकीला जास्त वाटतील, पण तेवढ्या घ्याच.

नर्सरीत मिळणारी ब्राह्मीसुद्धा पाण्याखाली छान वाढते. मात्र बारीक, मांसल पानं समोरासमोर जोडीनं येणारी नीरब्राह्मी बघून घ्या. गोल, कातरलेल्या पानांचीही ब्राह्मी म्हणूनच विकतात, ती वेगळी. आणि नर्सरीतल्या झाडावर कीटकनाशक मारलेलं असू शकतं, म्हणून ते बादलीत ठेवून आठवडाभर रोज पाणी बदला. तळ्यातून, ओढ्यातून झाडं उपटून आणू नका. त्यांच्याबरोबर जळवा आणि चतुराच्या अळ्या येतात, आणि ही अळी लहान मासे धरून खाते.

लावायच्या दिवशी झाडं ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवा. खडीच्या वर दोन बोटं पाणी येईपर्यंत टाकी भरा आणि लांब चिमटा घ्या. जुडीचा रबर किंवा शिशाची पट्टी काढा, दांड्या सुट्या करा. प्रत्येक दांडीची खालच्या दोन पेरांवरची पानं तोडा, कारण मुळं त्याच पेरांतून फुटतात आणि पुरलेली पानं सडतात. दांडीचं टोक चिमट्यात धरून तिरकं खडीत घाला, मातीला टेकलेलं जाणवेल. तिथं चिमटा किंचित सैल करून बाहेर काढा. सरळ वर ओढलात तर दांडी बरोबर येते आणि मातीचा धूर उठतो. दोन दांड्यांत दोन बोटं अंतर. जुडी तशीच पुरली तर मधल्या दांड्यांना प्रकाश मिळत नाही आणि त्या बुडातून गळतात.

व्हॅलिस्नेरियाची मुळं दोन इंचावर कापा, आणि जिथून पानं फुटतात तो पांढुरका गड्डा खडीच्या वर दिसेल इतकंच लावा. तो गाडला की झाड कुजतं. अॅनुबियास आणि जावा फर्नचं आडवं खोड तर खडीत अजिबात घालायचं नाही. काळ्या दोऱ्यानं दगडाला बांधा, महिन्या-दोन महिन्यांत मुळं स्वतःच दगड धरतात. मध्ये मध्ये पानांवर पाणी फवारत राहा. सगळं लावून झालं की खडीवर बशी ठेवून तिच्यावर हळूहळू पाणी सोडा.

पहिल्या दोन आठवड्यांत पानं गळतील. दुकानातली बरीच झाडं पाण्याबाहेर वाढवलेली असतात. पाण्याखाली गेल्यावर जुनी पानं टाकून ती नवी, पातळ पानं काढतात. क्रिप्टोकोरिन तर कधी कधी बुडापर्यंत विरघळतं. ते उपटून फेकू नका, मूळ जिवंत असतं. सडलेली पानं रोज काढा आणि थांबा. एका सकाळी त्या जागी सुरळीसारखं गुंडाळलेलं तांबूस पान दिसेल.

लाईट आणि फिल्टर

लाईट साधारण ६५०० केल्विनचा पांढरा एलईडी. दोन फुटी, दहा वॅटच्या दोन घरगुती पट्ट्या पुरतात, फक्त पाण्याचे शिंतोडे उडणार नाहीत अशा उंचीवर. सुरुवातीला सहा तास, महिन्यानंतर आठ. टायमर लावाच. घरात पाहुणे आले म्हणून रात्री बारापर्यंत लाईट चालू ठेवणं हेच शेवाळाचं खरं खाद्य आहे. फिल्टर मागं अडकवायचा, ताशी अडीचशे-तीनशे लिटरचा घ्या. स्पंज भरपूर हवा, बाकी कार्बनची पुडी वगैरे नसली तरी चालतं. कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर या टाकीला लागत नाही. मातीतून आणि माशांच्या श्वासातून मिळतो तेवढा पुरतो.

वाट बघायचे आठवडे

फिल्टर चालू, लाईट टायमरवर, मासे नाहीत. पहिल्या आठवड्यात एक दिवसाआड एक तृतीयांश पाणी बदला, दुसऱ्या आठवड्यात दोनदा, पुढं आठवड्याला एकदा. माती सुरुवातीला अमोनिया सोडते, म्हणून हा व्याप. पाणी दुधाळ होईल, ते आपोआप निवळतं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात काचेवर तपकिरी थर येईल, तो बोटानं पुसला जातो आणि काही दिवसांनी थांबतो. झाडांबरोबर आलेल्या बारीक गोगलगायी दिसल्या तर राहू द्या, सडकं पान त्या साफ करतात. मातीतून बुडबुडे येत असतील तर लाकडी काडीनं जागोजागी हलकं टोचा.

अमोनिया आणि नायट्राइट मोजायचं किट घ्या. या सगळ्या सामानात पैसे खर्च करावेत अशी ही वस्तू आहे. दोन्ही आकडे सलग आठवडाभर शून्य आणि झाडांना नवे शेंडे, ही दोन्ही लक्षणं दिसली की मासे आणायचे. साधारण चार ते सहा आठवडे जातात. दुकानदार ‘बाटलीतले बॅक्टेरिया घाला, उद्याच मासे सोडा’ म्हणेल. किटवर शून्य दिसत नाही तोवर थांबा.

मासे, शेवटी

या मापाच्या टाकीत आठ एम्बर टेट्रा किंवा हार्लेक्विन रासबोरा, तळाला सहा कोरी आणि हनी गोरामीची एक जोडी. हनी गोरामी आपल्याच पूर्व भारतातला, बांगलादेशातला मासा. स्वभावानं शांत, पानांच्या दाटीत रमणारा. टेट्रा आणि कोरी थव्यात राहणारे आहेत. दोनच आणले तर घाबरून कोपऱ्यात बसतात. निऑन टेट्रा सगळ्यांना हवा असतो, पण तो नव्या टाकीत दगावतो, दोन-तीन महिन्यांनी आणा. चेरी श्रिंप (छोटी लाल कोळंबी) ठेवलेत तर तांबं असलेलं कोणतंही औषध टाकीत घालू नका.

गोल्डफिश, ऑस्कर, ‘शार्क’ म्हणून विकली जाणारी पिल्लं आणि काच साफ करतो म्हणून गळ्यात मारला जाणारा सकर, हे चारही नकोत. सकर फूटभर होतो, गोल्डफिश झाडं उपटतो, आणि तो ‘शार्क’ म्हणजे बहुतेक वेळा पंगासियस, तीन फुटांच्या पुढं जाणारा.

दुकानात मासा खाताना बघून घ्या. पंख मिटलेले, पोट खपाटीला गेलेलं किंवा अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके असतील, तर त्या टाकीतला कुठलाच मासा घेऊ नका. घरी लाईट बंद करून पिशवी वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा. मग दर पाच-सात मिनिटांनी टाकीतलं वाटीभर पाणी पिशवीत घाला, अर्ध्या तासानं जाळीनं मासे उचलून सोडा. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका. आधी एकच थवा, पंधरा दिवसांनी दुसरा.

खायला दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल तेवढंच. आठवड्यात एक दिवस उपवास. घरातल्या लहान मुलांना आणि आजोबांना हे आधीच सांगून ठेवा, माशांना भूक लागली असं समजून प्रत्येकजण येता-जाता चिमूट टाकतो.

वर्षभराचं

आठवड्याला एक चतुर्थांश पाणी बदला. फिल्टरचा स्पंज महिन्यातून एकदा, तोही टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा. नळाखाली धुतला की जिवाणू गेले.

एप्रिल-मेमध्ये पाणी तीसच्या वर जातं. वीस अंशांच्या पाण्यात लिटरमागं नऊ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, तीस अंशांच्या पाण्यात साडेसातच. पाण्याच्या पृष्ठभागावरून एक छोटा पंखा फिरवला तर दोन-तीन अंश उतरतात, मात्र बाष्पीभवन वाढतं, रोज भर घालावी लागते. हिवाळ्यात रात्री बाहेर पारा चौदा-पंधरावर येतो, तेव्हा थर्मोस्टॅटचा पन्नास-पंचाहत्तर वॅटचा हीटर पंचवीसवर लावा. दिवसा-रात्रीचा फरक मोडणं हे त्याचं काम.

वीज गेली तर दिवसा खोलीतल्या उजेडावर झाडं थोडाफार ऑक्सिजन देतात, रात्री मात्र तीही ऑक्सिजनच घेतात. म्हणून बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात असू द्या. आणि जुलै लागला की झाकणाच्या दोन बादल्या पाणी भरून ठेवायची सवय लावा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात उपसा केंद्रांत पुराचं पाणी शिरून शहराचे नळ बंद पडले होते. अशा वेळी खाद्य निम्म्यावर आणा. दाट झाडांची टाकी दोन-तीन आठवडे पाणी न बदलता निभावते.

दोन महिन्यांनी दांड्या पाण्यावर येऊन आडव्या पडायला लागतील. वरचा निम्मा भाग कापून तोच पुन्हा खडीत लावा, खालचं अशक्त बूड काढून टाका. साल्विनिया निम्म्यापेक्षा जास्त पाणी झाकू लागला की ओंजळीनं काढा. कापलेलं हे सगळं रंकाळ्यात, कळंब्यात किंवा पंचगंगेत टाकू नका, आणि नको झालेला मासाही तिथं सोडू नका. केंदाळानं भरलेला रंकाळा आपण पाहिलाय. कुणीतरी सोडलेला सकर आता उजनी धरणातल्या मच्छीमारांच्या जाळ्यांत सापडतो. मासा दुकानात परत द्या, नाहीतर टाकी असलेल्या मित्राला. चांगल्या दांड्या नव्यानं टाकी लावणाऱ्याला ओल्या कागदात गुंडाळून द्या, उरलेलं गच्चीवर खडखडीत वाळवून कुंड्यांना घाला.